विल्हे लावताना : प्रस्तावना

बऱ्याच वर्षांपूर्वी एका जाडजूड इतिहासग्रंथाची स्थळसूची करायचं काम माझ्याकडे आलं. सात-आठशे गावांची नावं आणि प्रत्येकापुढे पानांचे आकडे. त्याआधीच्या माझ्या सगळ्या सूच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर झाल्या होत्या. एका नावाला एक कार्ड, आणि मग जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, शेवटी जमिनीवर मांडलेले एकेका अक्षराचे गठ्ठे. या वेळी पहिल्यांदाच नावं संगणकात भरली होती. एक आज्ञा दिली आणि पापणी लवायच्या आत सगळी यादी लागली. ती छापून घेऊन मी छापखान्यात गेले. तिथले मुद्रितशोधक सत्तरीच्या आसपासचे होते. त्यांनी चष्मा वर सारला, ‘क’च्या पानावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “ताई, हे कोणी लावलं?”

“संगणकानं.”

“आणि तुम्ही वाचलंत?”

मी वाचलं नव्हतं. कळमनुरी आणि कळवण ही नावं कवठे महांकाळच्या आधी आली होती. “ळ ह-च्या नंतर,” एवढंच ते म्हणाले आणि समासात बाण काढू लागले.

तोवर मला वाटायचं, यादी म्हणजे तिच्यात जे आहे ते. नावं बरोबर, पानं बरोबर, की यादी बरोबर. त्या बाणांकडे बघताना कळलं की आत काय घ्यायचं हे जसं ठरवावं लागतं, तसं कोणामागे कोण हेही ठरवावं लागतं. मी ते ठरवलं नव्हतं. म्हणून कुणीतरी, कधीतरी, भलत्याच कारणासाठी ठरवलेला क्रम माझ्या सूचीत निमूटपणे येऊन बसला होता. हे पुस्तक त्या निमूटपणाविषयी आहे. लिहिणाऱ्यांसाठी आणि संगणकावर काम करणाऱ्यांसाठी ते वेगवेगळं लिहावं, असा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण यादीपुरतं बोलायचं तर हे दोघं एकच काम करत असतात आणि एकाच ठिकाणी ठेचकाळतात.

‘यादी’ हा शब्द फारसीतल्या ‘याद’मधून आला. याद म्हणजे आठवण. लक्षात राहणार नाही ते कागदावर उतरवायचं, ती यादी. संगणकातही यादी जिथे राहते त्या जागेला स्मृतीच म्हणतात. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो ‘अकारविल्हे’ या शब्दातला ‘विल्हे’. विल्हे लावणं म्हणजे ज्याची त्याची जागा ठरवून ज्याला त्याला तिथे नेऊन ठेवणं. ‘विल्हेवाट’ हा शब्द आज आपण टाकून देण्याच्या अर्थानं वापरतो, पण त्याच्या पोटात मांडणीच आहे. आपल्याकडे यादीला नावंही कितीतरी. नुसती लांबण लागली की जंत्री, हिशेबाचा गोषवारा काढला की तेरीज, शाळेत हजेरीपट, देवाची ती नामावळी, भाषणाआधी खिशात ठेवलेलं ते टाचण. प्रत्येक नावाला वेगळं काम आहे, आणि ज्या समाजाला यादीची इतकी नावं लागली त्यानं यादीशी बराच काळ व्यवहार केलेला असणार.

लेखनाचा जन्मच हिशेब आणि यादी यांच्या आसपास झाला. मेसोपोटेमियातल्या उरुकमध्ये इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास मातीच्या पाट्यांवर ज्या नोंदी झाल्या, त्यांत काव्य नाही, कथा नाही. धान्याचे, जनावरांचे हिशेब आहेत, आणि त्यांच्या जोडीला शब्दांच्या याद्या आहेत. हुद्द्यांची आणि व्यवसायांची एक यादी तर पुढे हजार वर्षांहून अधिक काळ विद्यार्थी जशीच्या तशी उतरवत राहिले. जॅक गुडी या मानववंशशास्त्रज्ञानं १९७७ साली एका पुस्तकात यादीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यातला एक विचार माझ्या मनात कायमचा बसला आहे. बोलणं वाहत असतं, यादीला मात्र कडा असतात. वर कड, खाली कड. म्हणून अमुक गोष्ट आत की बाहेर हा प्रश्न यादी करताना टाळताच येत नाही. टोमॅटो भाजीत की फळात हा वाद बाजारात कुणी घालत नाही. दोन रकाने आखले की तो सुरू होतो.

पण यादीला लिपी लागतेच असं नाही, आणि इथे आपल्या परंपरेकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पाणिनीच्या व्याकरणाच्या सुरुवातीला वर्णांची चौदा छोटी सूत्रं आहेत. त्यांतला क्रम शाळेतल्या वर्णमालेचा नाही. प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचं व्यंजन ठेवलं आहे, आणि कोणताही एक वर्ण व त्याच्या पुढची कोणतीही एक खूण जोडली की मधल्या सगळ्या वर्णांना एक नाव मिळतं. ‘अच्’ म्हटलं की सगळे स्वर, ‘हल्’ म्हटलं की सगळी व्यंजनं. आज प्रोग्रॅमर यादीतला तुकडा काढताना ‘इथून इथपर्यंत’ असं सांगतो, नेमकं तेच. पण हे साधायचं तर क्रम आधी तसा लावावा लागतो, पुढे जे जे गट एकत्र लागणार आहेत ते शेजारी-शेजारी येतील असा. पाणिनीनं तो लावला. क्रम हेच ज्ञान असतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच व्याकरणाला जोडून गणपाठ येतो. शब्दांचे गट करायचे आणि गटाला त्यातल्या पहिल्या शब्दाचंच नाव द्यायचं, पुढे ‘आदि’ जोडून. ‘सर्वादि’ म्हणजे ‘सर्व’ पासून सुरू होणारा गट. पहिलं माणूस ओळखीचं असलं की त्याच्यामागची सगळी रांग हाती येते. काही गण बंद आहेत, त्यांत शब्द मोजलेले. काही मात्र ‘आकृतिगण’ आहेत. त्यांत नमुन्यादाखल शब्द दिलेले, आणि तशाच वळणाचे आणखी शब्द व्यवहारात आढळले तर आत घ्यायला दार उघडं ठेवलेलं. आपण रोज लिहितो त्या ‘इत्यादी’तला ‘आदी’ तोच. तो लिहिताना आपली यादी बंद आहे की उघडी हे आपण किती वेळा स्वतःला विचारतो?

अमरकोश पाठ करण्यासाठी होता, म्हणून तो विषयवार आणि छंदात लावला गेला. पाठ असलेल्याला अक्षरक्रमाचा उपयोग नसतो. त्याला स्वर्ग, पाताळ, भूमी, वनस्पती असं एकातून एक आठवत जाणारं हवं असतं. शिवकाळातल्या राजव्यवहारकोशाची मांडणीही याच वळणाची. रघुनाथपंतांच्या नावे असलेल्या या कोशात कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत आणि ते दहा वर्गांत लावले आहेत : राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग, असे. ती नावं ओळीनं वाचली तरी त्या राज्याचा कारभार डोळ्यांपुढे उभा राहतो. हेच शब्द अकारविल्हे लावले असते तर शब्द सापडायला सोपा झाला असता, पण राज्य दिसलं नसतं.

समर्थांनी दासबोधात केलेल्या याद्यांबद्दल मला वेगळा आदर आहे. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे ग्रंथाची बांधणीच यादीच्या आत यादी अशी. त्यात दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं एकामागून एक येतात. वाचणारा सुरुवातीला दुसऱ्यांना त्यात बसवत असतो आणि थोड्या वेळानं त्याला स्वतःचं लक्षण सापडतं. एवढी लांब यादी असल्यामुळेच हे घडतं. चार लक्षणांत कुणीही निसटला असता.

अकारविल्हे हा क्रम मराठीत पक्का झाला तो छापील कोशांमुळे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला. अक्षरक्रम निःपक्षपाती असतो, तो राजा आणि रंक असा भेद करत नाही, म्हणून तो मला आवडतो. पण त्याचीही किंमत मोजावी लागते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि अखेरचे खंड त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळानं. ‘अ’पासून सुरू होणारा विषय आणि वर्णमालेच्या शेवटाकडचा विषय यांच्यात एका पिढीचं अंतर पडलं. विज्ञानासारख्या झपाट्यानं बदलणाऱ्या क्षेत्रात हे अंतर फार मोठं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं ते काम किती मोलाचं आहे हे मी सांगायला नको. मला एवढंच दाखवायचं आहे की कोणत्या विषयानं वीस वर्षं थांबायचं हे इथे एका अक्षरानं ठरवलं.

आणि कडांबद्दल बोलायचं तर शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची नोंद त्यांनी केली आणि मग १९३८ ते १९५० अशी पुढची. मराठीच्या अभ्यासकाला आजही त्या पानांकडे जावं लागतं. मुखपृष्ठावरच सालं दिलेली आहेत : इथून इथपर्यंत. आपली यादी कुठे संपते हे जी यादी सांगते, तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आता वाक्यातल्या यादीकडे येते. लेखनाच्या कार्यशाळांत मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटताना शब्दाचं रूप बदलतो. ‘पुण्यात, साताऱ्यात आणि कोल्हापुरात’ हे शुद्ध आहे, पण नावं दहा झाली की वाक्य धापा टाकायला लागतं. म्हणून हल्ली सर्रास ‘पुणे, सातारा आणि कोल्हापुरात’ असं लिहिलेलं दिसतं. यात शेवटच्या नावालाच घर मिळतं, आधीची दोन उंबऱ्याबाहेर राहतात. यावर मराठीनं स्वतःची एक सुंदर सोय केलेली आहे : ‘पुणे, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत’, ‘जोशी, पाटील आणि शिंदे यांनी’. ‘या’ आणि ‘यांनी’ हे इथे कंसाचं काम करतात. नावं आत जशीच्या तशी सुरक्षित राहतात आणि सगळ्यांचा प्रत्यय एकटा ‘यांनी’ उचलतो. संगणकाच्या भाषांत चौकटी कंसात यादी बांधतात ती याचसाठी, बाहेरच्यानं सगळ्यांना मिळून एक गोष्ट म्हणून हाताळावं यासाठी. याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. ‘साताऱ्यात’ लिहिलं तर ‘सातारा’ शोधणाऱ्याला ते सापडत नाही. ‘सातारा येथे’ लिहिलं तर सापडतं.

उघडी यादी आणि बंद यादी हा भेदही मराठीनं शब्दांतच मुरवला आहे. द्वंद्व समास आपण शाळेत शिकलो आणि परीक्षेनंतर सोडून दिला, पण ते यादीचं व्याकरण आहे. ‘आईवडील’ हा इतरेतर द्वंद्व. त्यात दोघंच, तिसरं कुणी नाही. ‘भाजीपाला’ हा समाहार द्वंद्व. त्यात भाजी आहे, पाला आहे आणि पिशवीतून घरी येणारं तशाच जातीचं बाकी सगळं आहे. ‘चहापाणी’ला बोलावलं तर पोहेही गृहीत असतात. ‘खरंखोटं’, ‘बरंवाईट’ हे वैकल्पिक. त्यांत ‘आणि’ नसतो, ‘किंवा’ असतो. एखाद्या अर्जावर किंवा संकेतस्थळावर पर्याय देताना एकच निवडायचा की कितीही निवडायचे हे न सांगितल्यानं किती घोटाळे होतात! मुलांना द्वंद्व समास शिकवताना हे अर्ज समोर ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

संगणकात याद्या आल्या त्या बुद्धीचं अनुकरण करायच्या प्रयत्नातून. अ‍ॅलन न्यूवेल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५६ च्या सुमारास तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम लिहिला. विचार कुठे कसा वाढेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून त्यांना अशी यादी हवी होती की जिच्यात मध्येच काही घालता येईल. त्यांनी प्रत्येक नोंदीसोबत पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवला. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीमध्ये ‘लिस्प’ या भाषेवर काम सुरू केलं. तिचं नावच ‘लिस्ट प्रोसेसर’वरून पडलं. तिच्यात माहिती ही यादी आणि प्रोग्रॅम हीही यादीच.

पत्त्यांनी जोडलेली यादी आणि ओळीनं रचलेली यादी यांतला फरक पंगतीत बसलेल्याला लगेच कळेल. पाटावर पानं मांडलेली आहेत, सातवं पान कुणाचं ते सरळ मोजून सांगता येतं. पण मध्ये एका पाहुण्याला बसवायचं तर त्याच्या पुढच्या सगळ्यांना सरकावं लागतं. ही ओळीची यादी, म्हणजे ॲरे. दुसरीत प्रत्येकाला फक्त आपल्यानंतर कोण एवढंच ठाऊक. दोघांच्या मध्ये नवा माणूस सहज शिरतो, पण सातवा कोण हे कळायला पहिल्यापासून विचारत जावं लागतं. पायथनमधली ‘लिस्ट’ नावानं लिस्ट असली तरी आतून पहिल्या प्रकारची आहे, आणि हे ठाऊक नसल्यामुळे लाखभर नोंदींच्या यादीत नवी नोंद दर वेळी सुरुवातीलाच घालत बसणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. प्रत्येक नोंदीला लाख नोंदी सरकतात.

मोजणी शून्यापासून का, हा प्रश्न प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली या एकाच मुद्द्यावर एक टिपण लिहिलं होतं. मी विद्यार्थ्यांना आजीच्या तोंडचं वाक्य आठवायला सांगते : “चौथं सरलं, पाचवं लागलं.” पाचव्या वर्षात असलेल्या मुलाची पूर्ण झालेली वर्षं चार. तान्ह्या बाळाला पहिलं लागलेलं असतं, पण त्याचं सरलेलं वय शून्य. संगणक ‘कितवा’ असं विचारत नाही, ‘आधी किती सरले’ असं विचारतो. पहिल्याच्या आधी कुणीच नाही, म्हणून त्याचा अंक शून्य. आपण राहतो त्या इमारतींत तळमजल्यानंतर पहिला मजला येतो तो याच हिशेबानं. हे सांगितल्यावर वर्गातले चेहरे मोकळे होतात. त्या क्षणासाठी मी शिकवते.

रिकाम्या यादीबद्दलही असंच. यादी नसणं आणि यादीत काही नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रोग्रॅमरना शिकावं लागतं आणि ते न शिकल्यानं प्रोग्रॅम बंद पडतात. आपल्या सरकारी कचेऱ्यांत ही समज कधीचीच आहे. तक्ता आला आणि माहिती काही नसली तरी तो कोरा पाठवत नाहीत, त्यावर ‘निरंक’ लिहून सही करतात. निरंक म्हणजे मी पाहिलं, मोजलं, आणि काही आढळलं नाही. कोऱ्या कागदातून यातलं काहीही कळत नाही.

क्रम लावण्याच्या पद्धतींत मला सर्वांत प्रिय गोष्ट टोनी होअर यांची आहे. १९५९-६० च्या सुमारास हा इंग्रज तरुण मॉस्कोत शिकत होता आणि रशियन वाक्यांचं यंत्राकडून भाषांतर करण्याच्या खटपटीत होता. शब्दकोश होता चुंबकीय फितीवर, अक्षरक्रमानं. फीत पुन्हा पुन्हा मागे-पुढे करणं परवडणारं नव्हतं. म्हणून वाक्यातले शब्द आधी अक्षरक्रमानं लावून घ्यायला हवेत म्हणजे फीत एकदाच फिरवून सगळे सापडतील. त्या गरजेतून ‘क्विकसॉर्ट’ निघाली : एक शब्द मधोमध धरायचा, त्याच्या आधीचे एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या बाजूला, आणि मग प्रत्येक बाजूत पुन्हा तेच. जगभर वापरली गेलेली ही पद्धत एका भाषेच्या शब्दांची विल्हे लावताना सापडली. जमिनीवर कार्डं मांडून बसलेली मी नकळत जवळजवळ हेच करत होते. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी लिहिलेली पद्धत तर त्याहून ओळखीची वाटते. ती आधी बघते की यादीतले कोणते तुकडे मुळातच क्रमात आहेत, त्यांना हात लावत नाही, आणि मग ते तुकडे एकमेकांत मिसळते. शिवाय ती ‘स्थिर’ आहे. नावांप्रमाणे लावलेली यादी पुन्हा गावांप्रमाणे लावली, तरी प्रत्येक गावातली नावं आपल्या जुन्या क्रमातच राहतात. ज्यांनी हजेरीपट बनवला आहे त्यांना याचं मोल कळेल.

एकच माहिती दोन क्रमांनी ठेवण्याची युक्ती मात्र संगणकानं आपल्याला शिकवलेली नाही. कीर्द आणि खतावणी हेच करतात. रोजच्या रोज घडलं तसं कीर्दीत, आणि तेच पुन्हा ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. सातबारा जमिनीच्या गटाप्रमाणे असतो, आठ-अ खातेदाराप्रमाणे. जमिनीवरून माणूस शोधायचा तर एक, माणसावरून जमीन शोधायची तर दुसरा. डेटाबेसमधल्या ‘इंडेक्स’ची कल्पना ज्याला कठीण वाटते, त्यानं तलाठी कार्यालयात तासभर बसावं.

आणि यादी क्रमात असली की शोधणं किती स्वस्त होतं हे आकड्यानंच सांगायला हवं. लाखभर नावांच्या विस्कळीत यादीत एक नाव शोधायला लाख वेळा बघावं लागू शकतं. तीच यादी क्रमात असेल तर मधोमध उघडायची, अर्धी सोडायची, पुन्हा मधोमध उघडायची. जास्तीत जास्त सतरा वेळा बघितलं की नाव सापडतं, किंवा नाही हे कळतं. पण शोधणारा आणि लावणारा यांचा क्रम एकच असेल तर. नसेल तर नाव यादीत असून सापडत नाही, आणि ‘नाही’ हे उत्तर पूर्ण आत्मविश्वासानं मिळतं.

इथे मी पुन्हा कळमनुरीपाशी येते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचा जो तक्ता बनला, त्यात सगळ्या लिप्यांना एकच साचा होता आणि ळ ला ल-च्या शेजारी बसवलं होतं. युनिकोडनं देवनागरीसाठी तीच मांडणी घेतली. म्हणून संगणक जेव्हा नुसत्या सांकेतिक क्रमांकांवरून यादी लावतो, तेव्हा ‘कळ’ ‘कव’च्या आधी जातं. पायथनमधली ‘सॉर्टेड’ ही साधी आज्ञा असंच करते. क्ष ला तक्त्यात स्वतंत्र जागा नाही, तो क, हलन्त आणि ष असा तीन खुणांचा बनतो. म्हणून ‘क्षमा’ वर्णमालेच्या शेवटी न जाता ‘क’च्या घरात, ‘कौल’च्या मागे उभी राहते. ‘ज्ञान’ तसंच ‘ज’मध्ये. शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमाला ठरवून दिली, पण ती संगणकाला आपोआप कळत नाही.

याहून कठीण प्रकार म्हणजे दिसायला एकसारखे, आतून वेगळे असे शब्द. ‘ॲप’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो : अ-वर चंद्र देऊन, किंवा २००८ साली युनिकोडमध्ये आलेल्या स्वतंत्र ॲ नं. पडद्यावर फरक दिसत नाही. पण सांकेतिक क्रमानं लावलेल्या यादीत पहिला ‘अ’च्या शब्दांच्या शेवटी जातो आणि दुसरा थेट ‘ह’च्याही पलीकडे. ‘साताऱ्यात’मधला आडवा र सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकाच गावाची, एकाच माणसाची नोंद यादीत दोनदा येते आणि दोन्हींकडे कितीही निरखून पाहिलं तरी चूक दिसत नाही. अनुस्वाराचं तर आपलं आपल्यातच ठरलेलं नाही. संस्कृत कोशांच्या रीतीप्रमाणे त्याला परसवर्णाच्या जागी मोजावं की सगळ्या व्यंजनांच्या आधी ठेवावं, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आकड्यांची नावं दिलेल्या फायली १, १०, ११, २ अशा लागतात, कारण संगणक त्यांना अक्षरं समजतो. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे. भाषावार क्रमाचे नियम युनिकोडच्याच व्यवस्थेत प्रसिद्ध होतात, आणि चांगल्या प्रणालीत ‘मराठी’ असं सांगता येतं. पण ते सांगावं लागतं. पुस्तकातली दोन मोठी प्रकरणं मी याला दिली आहेत. काही वाचकांना ती रुक्ष वाटतील, तरी मी ती कापली नाहीत.

आपण रोज वापरतो असा आणखी एक क्रम आहे, जो कोणत्याही वर्णमालेत नाही : अ, ब, क, ड. शाळेच्या तुकड्या, प्रश्नपत्रिकेतले पर्याय, शासकीय पदांचे गट, सगळे याच क्रमानं जातात. अ नंतर आ नाही आणि क नंतर ख नाही. इंग्रजी ए, बी, सी, डी यांचे हे मराठी ठसे आहेत. हा क्रम बदलावा असं मी म्हणत नाही, तो आता आपला झाला आहे आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला तो विचार न करता येतो. मात्र संगणकाला ही यादी लावायला सांगितली की तो अ, क, ड, ब असं करून देतो, आणि ‘क’ तुकडीतली मुलं ‘ब’च्या आधी येतात.

पुस्तक छापायला जाण्यापूर्वी त्याची स्वतःची सूची करायची वेळ आली. या वेळी नियम आधी लिहून काढले : ळ ह-च्या नंतर, क्ष आणि ज्ञ सर्वांत शेवटी, अनुस्वार व्यंजनांच्या आधी, ॲ एकाच तऱ्हेनं टंकलेला. हे नियम सूचीच्या डोक्यावर चार ओळींत दिले आहेत, म्हणजे ज्याला ते पटणार नाहीत त्यालाही नाव सापडेल. ते मुद्रितशोधक आता नाहीत. मग मीच पेन्सिल घेऊन बसले आणि सगळी सूची पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचली. कळमनुरी आणि कळवण कवठे महांकाळच्या नंतर आहेत.